काटा कुठं आहे?

सप्टेंबरला साउथलंडात वसंत म्हणतात.
म्हणोत बापडे. पत्र्यावर गारा तडतडतायत,
व्यायला टेकलेल्या मेंढ्या मॅक्रोकार्पाच्या आडोशाला,
आणि त्यांचं वाळलं गवत ओढणारा
राखाडी फर्ग्युसन शेडमध्ये मुका.

"चौथ्यांदा बॅटरी उतरली," हेक्टर टुलॉक म्हणतो.
चौऱ्याऐंशीचा. उलट्या बादलीवर बसलाय.
नजरेच्या मधोमध नुसतं धुकं,
कडेकडेनं दिसतं म्हणतो, कोंबडीसारखं.
म्हणून कान त्याचे, हात माझे.
मी नायरी, शाळेची बस चालवते;
नऊ ते तीन मला कुणी विचारत नाही.

"पट्टा दाब अंगठ्यानं."
दाबला. अर्धा इंच. ठीक.
"आता काढ तो. डायनॅमोची दोन्ही टोकं एकत्र बांध,
तुझ्या गाडीच्या बॅटरीतून वीज पाज."
ज्यानं वीज करायची, त्यालाच पाजायची?
"पाजून तर बघ. धड असेल तर फिरेल."
फिरला. कुरकुरत,
दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखा.
हेक्टर मान तिरकी करून ऐकत होता.
"बुशला तेल नाही. बाकी जिवंत आहे."

मग ती काळी डबी. झाकण काढलं तर
कटआउटच्या पॉइंटांना देवी आल्यासारखे खड्डे.
"एवढे जळाले? उन्हाळ्यात तर घासलेत मी."
तो गप्प झाला. मी कानस चालवत राहिले.

बॉनेट उचललं.
या जुन्या यंत्रांचा कायदा उलटा:
धन टोक अंगाच्या लोखंडाला, ऋण तारेला.
इथं सगळं आजच्या गाडीसारखं.
अंगाची चपटी पट्टी बारीक खांबावर,
तिचं कडं त्याला ढगळ, म्हणून फटीत
चांदीची घडी कोंबलेली. चौपदरी, नीटस.
पेपरमिंटची.

या रस्त्यावर तसली पेपरमिंट एकच माणूस खातो.

मी घडी खिशात टाकली.
"काय आहे?"
"बॅटरी उलटी बसलीय."
"कुणी बसवली?"
"गॅरेजचा पोरगा असेल," मी म्हणाले,
पाना फिरवत, वर न बघता.
कडी बदलली. बरोबर बसली, हातोडीशिवाय.
गारा थांबल्या होत्या, हे मला उशिरा कळलं.

"आता त्याला आठवण दे," तो म्हणाला, हळू.
"लोखंडात थोडं चुंबकपण उरतं, त्यावर सगळा धंदा.
कुठली बाजू आपली ते विसरला असेल बिचारा.
तार टेकव. लगेच उचल. जास्त समजवायचं नाही."
टेकवली. बोटभर अंतरावर
एवढीशी निळी ठिणगी.

पट्टा चढवला, तारा जागच्या जागी,
आणि गाडीची बॅटरी जोडून
गिअरचा दांडा एसवर ढकलला.
दोनदा शिंक, मग इंजिन लागलं.
भिंतीवरची कात्री खिळ्यावर वाजू लागली.
"काटा कुठं आहे?"
शून्यापाशी घुटमळत होता. थ्रॉटल वाढवला,
आणि सरकला की, उजवीकडं!
"आठ!" मी ओरडले.
"सहा," हेक्टर म्हणाला. "आवाज सहाचा आहे."

सहाच होते.

त्यानं कोटाच्या खिशात चाचपडून पुडी काढली,
एक पेपरमिंट धरली, माझ्या जरा डावीकडं.
"घे. आणि गॅरेजच्या पोराला सांग,
पुढच्या वेळी आधी तुला बोलवायचं."