चुना

वाइके लेप्पोया, वय त्रेसष्ट.
वासालेम्माच्या खाणीत एकोणतीस वर्षं क्रेनवर.
चुनखडीचा देश आमचा,
भिंती, चर्चं, शेतांची कुंपणंसुद्धा तिचीच,
आणि हिच्या हाडांत चुना नाही.

दोन वर्षांत बरगड्या तीन, मनगट एक.
मूतखडे इतके की
नवरा जॅमच्या बरणीत साठवायचा.
रात्री चारदा उठून पाणी.
कोणी म्हणालं वय. कोणी म्हणालं, पाळी गेल्यावर असंच.
एकाने तर लिहूनच ठेवलं: स्वभाव उदास.
गळ्यावरची गाठ थायरॉईडची समजून
दोन हिवाळे रांगेत उभी केली तिला.
कॅल्शियम मोजायचं सुचलं
ते बदलीवर आलेल्या एका शिकाऊ पोरीला.
आकडा बघून तिला वाटलं, यंत्र बिघडलंय.
पुन्हा रक्त काढलं. तोच आकडा.

चार ग्रंथी असतात तिथे, मसुराएवढ्या.
त्यांतली एक, स्कॅनवर,
कोंबडीच्या अंड्याएवढी,
छातीच्या पिंजऱ्यात पाय सोडून बसलेली.
रात्रंदिवस हाडं खरवडायची,
रक्तात कालवायची.
नाही म्हटलं तरी दहा वर्षं
घरच्यांनाच चुना लावला हिने.

घाई नको, इंद्रेक.
फुटली तर बी सांडेल गळाभर.
आणि तिच्या पाठीला चिकटलेला हा पांढरा दोरा,
शिवणाच्या दोऱ्याहून जरासा जाड,
तो आवाज आहे. वाइकेचा.
त्याच्याकडे बघायचं. ओढायचं नाही.
एक तास वीस मिनिटं
आम्ही एका दोऱ्याची मर्जी राखली.

तराजूवर बत्तीस ग्रॅम.
दहा मिनिटांनंतरचं रक्त लॅबकडे धावलं:
हार्मोन दोन हजार शंभरवरून दोनशे साठवर.

शुद्धीवर आली तशी म्हणाले, काहीतरी बोला.
"खिडकी लावा," ती खेकसली,
"मार्च आहे, मे नाही."
इतकं गोड माझ्यावर कुणी खेकसलं नव्हतं.

पण रात्री ओठांना मुंग्या, बोटं वाकडी.
हाडं जेवायला बसली होती,
दहा वर्षांची उपाशी,
पंगतीतून उठायलाच तयार नाहीत.
बाटलीमागून बाटली आम्ही वाढत राहिलो,
रक्त रिकामंच होत राहिलं.
आणि उरलेल्या तिघी?
थोरलीच्या राज्यात आयत्या बसून
कामच विसरलेल्या.
रोज सकाळी चौकशी. शून्य. शून्य.
शून्याच्या आसपास.

नवव्या दिवशी कँटीनमध्ये
बीटचं सूप खात होते.
इंद्रेकचा फोन: "चौदा."
चमचा खाली ठेवला.
तिघींपैकी
कोणती उठली असेल?