पहिले आठ टक्के

व्हेन्सी म्हणाला, गाडी हिसका देते.
चौकातून सुटताना नाही, सरळ रस्त्यावर नाही,
वर, व्हर्शिच घाटाच्या दगडी वळणांवर,
पहिल्या गिअरमध्ये, अगदी हलक्या मुठीवर.
"नवी आहे म्हणून काय लाथा मारेल?"
एकतीस वर्षं येसेनीत्सेच्या पोलाद कारखान्यात
रोलिंग मिलवर उभा राहिलेला माणूस;
मशीनची तक्रार तो सहसा करत नाही.
मला गाडी यानंच शिकवली. अंडं धरल्यासारखी धर मूठ, म्हणायचा.
म्हणून आमचं अरे-तुरे.

जुन्या गाडीला तार होती.
मूठ पिळली की तार ताणायची,
तारेच्या टोकाला झडप.
हिवाळ्यात तार कुरकुरायची, ते मनगटाला कळायचं.
आता मूठ फक्त अर्ज करते.
सीटखालची डबी तो वाचते,
चाकाला विचारते, गिअरला विचारते,
आणि मंजूर झाला तर
झडप उघडते, डबीला वाटेल तेवढी.
हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.
गिऱ्हाइकांना मी असंच सांगते. ते हसतात,
सरकारी कचेरी सगळ्यांनीच पाहिलेली असते.

रेकॉर्डर जोडून त्याला वर पाठवला,
चोविसाव्या वळणापर्यंत.
परत आला तेव्हा हेल्मेटवर धुकं होतं.
लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा:
निळी म्हणजे हात, तांबडी म्हणजे झडप.
तांबडी निळीच्या मागे मागे, आज्ञाधारक.
गाडीचा काही गुन्हा नव्हता.
निळ्या रेघेला दात होते,
बारीक, सारखे, करवतीचे,
सेकंदाला पाच.

सेन्सर बिघडला असेल, मी मनाशी म्हटलं.
पण मुठीत दोन सेन्सर असतात,
एकावर दुसऱ्याचा पहारा,
आणि दोघांची साक्ष शब्दाला शब्द तीच.
मग मी मान वर केली.
व्हेन्सी कॉफी पीत होता, डाव्या हातानं.
उजवा जाकिटाच्या खिशात.
झाकली मूठ.

तार असती तर हे कोणाला कळलं नसतं.
तारेच्या ढिलाईत,
त्या दोन-तीन मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत
किती माणसांची किती वर्षं
लपून गेली असतील.

मी काही बोलले नाही.
त्याच्या बायकोला फोन करावासा वाटला, केला नाही.
रात्री शटर ओढून
पहिल्या आठ टक्क्यांचा चढ मी सपाट केला,
त्यावर एक गाळणी बसवली:
थरथर अडेल, पिळणं आत जाईल.
गाळणीची किंमत असते. उशीर.
वळण संपून रस्ता उघडतो तिथे
गाडी अर्ध्या श्वासानं मागे राहील.
कमी गाळू? किती कमी?
पुस्तिकेत हा आकडा नाही.

पहाटे मीच घेऊन गेले वर.
रशियन चॅपलच्या वळणावर दगड ओले.
क्लच सोडला, आणि मुद्दाम
मनगट थरथरवलं.
माझं थरथरणं वेडंवाकडं, नवशिक्याचं;
त्याच्या हाताला केवढी शिस्त होती.
तरी गाडी शांत राहिली.
पुढच्या वळणावर मेंढ्या आडव्या उभ्या होत्या.
त्या हलेनात. मीही इंजिन बंद करून थांबले.

शनिवारी तो फिरून आला, हेल्मेट काढलं.
"आता ऐकते," म्हणाला.
बिलावर मी लिहिलं होतं: थ्रॉटल मॅप, मऊ. पस्तीस युरो.
नोटा त्यानं डाव्या हातानं मोजल्या, वेळ लावून,
शेवटची टेबलावर दाबून धरली.
"नेझा, हे मऊपण किती दिवस पुरेल?"

बाहेर कोणीतरी जुनी टू-स्ट्रोक किक मारून मारून चालू करत होतं.
ती सुरू होईपर्यंत आम्ही दोघं तिकडेच पाहत राहिलो.
"आठाचे बारा करता येतात," मी म्हणाले.
"बाराचे वीस."
"मग?"
"ऑक्टोबरात ये. टायरही बदलायचेत."