पाठीवरचे आकडे

सेतुबालच्या त्या लहानशा चॅपेलची उत्तरेची भिंत
ओल पिऊन पोट काढून उभी होती.
एका रात्री तिने अंगावरच्या फरशा टाकून दिल्या.
निळ्या-पांढऱ्या, तीनशे बारा,
मासळीच्या क्रेटांत भरून आमच्यापुढे आल्या.

मी आबीलियु, चुना कालवणारा.
पाणी किती, ते हात सांगतो;
डोक्याला विचारायला मी वर जात नाही.
बेल्मीरा चित्र जुळवणारी.
तिचं डोकं म्हणजे
काही शिजत नसलं तरी पेटतं ठेवलेलं चुलाण.

मी भिंत खरवडून वाळवत होतो, तेव्हा तीन आठवडे
ती जमिनीवर मांडी घालून.
कुत्र्याचा कान हातात घेऊन तासभर नुसती बघायची.
सावल्या लांब, म्हणजे सकाळ नाहीतर संध्याकाळ.
घागर काखेत आडवी, म्हणजे रिकामी,
म्हणजे बाई आत्ता पाण्याला निघालीय, म्हणजे सकाळ,
म्हणजे कुत्रा हिचा नव्हे, त्या शिकाऱ्याचा…
असं 'म्हणजे, म्हणजे' करत थेट बोटीपर्यंत पोचायची,
आणि बोट चुकीची निघाली की
हसायची. खरंच हसायची.
मी क्रेट लाथाडलं असतं.

आई म्हणायची, या पोराला शब्दकोडं द्या,
पेन्सिलीने कान खाजवेल.
कॅफेत झिल्दा बिल मांडते, मी नोट सरकवतो,
परत देईल तेवढे खरे.
यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.
पडल्या पडल्या झोप लागते.
बेल्मीराला लागत नाही; सकाळी तिच्या डोळ्यांखाली
फरशांचाच निळा.

गुरुवारी जेवणाआधी हात पुसताना
एक फरशी माझ्या हातून पालथी पडली.
पाठीवरचा जुना चुना खपलीसारखा निघाला.
खाली आकडा, काळा, मातीबरोबर भाजलेला: फ-चार.
दुसरी खरवडली: फ-पाच.
तिसरी.
कुंभारानेच लिहून ठेवलं होतं,
कधीतरी जन्माला येणाऱ्या माझ्यासारख्या कुणासाठी.

"बेल्मीरा, अगं, सुटलो!"
तिने वर पाहिलं नाही.
"माहितीये," म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

मी थापी खाली ठेवली.
तीन आठवडे! रोजाच्या पैशांसाठी?
"अर्ध्याच दिवसाचा रोज घेतेय, विचार मुकादमाला."
मग का?
तिने खूप वेळ विचार केला. करणारच.
"रविवारी तू सादो पोहून जातोस," म्हणाली.
"फेरीबोट आहे की."

मी त्यावर डोकं चालवलं नाही.
पण मधल्या प्रवाहात दम तुटतो,
कशाला आलो मरायला, असं वाटतं,
आणि पलीकडच्या वाळूवर उताणं पडल्यावर जे वाटतं,
ते दिवसभर खांद्यात राहिलं.

शुक्रवारी पाद्री धापा टाकत आले:
परवा लग्न आहे, भिंत हवी.
मग मी आकड्यांनी लावत सुटलो.
दुपारपर्यंत आकाश, पाचपर्यंत कुत्री.
बेल्मीरा एकेक फरशी हातात देत होती,
आकडा वाचत होती,
दुसऱ्याच्या घरचं वाणसामान वाचावं तशी.

शेवटी अकरा तुकडे उरले.
पाठ मिठाने खाल्लेली, आकड्याचा मागमूस नाही.
तिथे काहीही बसवून वरून चुना फासता आला असता.
उंचावर आहे, कोण बघतंय.

मी ते धुतले, झिल्दाच्या बशीत मांडले,
कॉफीशेजारी तिच्यापुढे ठेवले.
"हे तुझे," म्हटलं.

तिने एक उचलून खिडकीकडे धरला.
मी चुन्यावर भिजकं गोणपाट टाकलं
आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.
लग्न रविवारी होतं.
आज तर शुक्रवारच.