शून्य अंश

ओझरच्या पुढचं कोल्ड स्टोरेज, द्राक्षं संपलेली.
रिकाम्या क्रेटवर ॲम्प्लिफायर.
अकरा रात्री वाजवलं तिथे.
ऋग्वेदने तार छेडली की ती
चौथ्या खोलीत जाऊन, कपडे बदलून परत यायची.

कॉम्प्रेसर मात्र बंद करता येईना.
आत बेदाणा आहे, पुंजाभाऊ म्हणाले, तुमच्यापायी घालवू का?
मग श्रावस्ती म्हणाली, हाच सा धरा.
धरला.
गिटारी त्याच्याशी जुळवल्या,
आणि तन्मेश तांबट, ज्याचा आजा घागरी ठोकायचा,
तो चुकत चुकत मात्रेवर आला.

काल कॉलेज रोडच्या एका गच्चीवर अल्बम आला.
बत्तीस माणसं, त्यात नऊ तांबट.
मी सातपूरची सेकंड शिफ्ट बुडवलेली.
सतरा मिनिटांचं शेवटचं गाणं.
सहाव्या मिनिटाला कुणाची तरी मावशी: सुरू कधी होणार?

पुंजाभाऊ मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत,
डोळे मिटून. आम्हाला वाटलं, लागली समाधी.
गाणं संपलं तसे उठले,
माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
बेअरिंग चाललंय रे. स्पष्ट ऐकू येतंय.
उद्याच मिस्त्री बोलावतो.

नको, असं अगदी
तोंडापर्यंत आलं होतं.