विराम

सोहारच्या अध्यापक विद्यालयात
बदरियाचा हा सातवा सराव-पाठ.
काल तू काय केलंस, हिलाल? ती विचारते
आणि उत्तर स्वतःच देऊन टाकते.
रात्री हेडफोन लावून मी उतरवून घेते:
प्रश्न. विराम, शून्य पूर्णांक सात दशांश सेकंद. उत्तर, शिक्षिकेचं.
बाकी एसीची घरघर
आणि बाकाखाली कुणाची तरी सँडल.

समासात शेरा:
थांबायला शीक. निदान तीन सेकंद.
क्रियापद तोंडात घोळत असतं
खजुराच्या बीसारखं,
मुलानं काढण्याआधी हात पुढे करू नये.
(हे खोडते. प्रबंधात चालणार नाही.)

अथांग दारात येतो.
"आई, बाहेर तो... ते वाळू..."
"ती वाळू. उडतेय."
तो मान डोलावतो,
तेच सगळं इंग्रजीत घडाघडा सांगतो
आणि खोलीत जातो.

एकोणिसाव्या मिनिटाला
बदरियाच्या हातून मार्कर पडतो.
घरंगळत जातो, बहुधा कपाटाखाली.
ती वाकून शोधत असणार; नुसती खरखर.
मग हिलाल, हळू, कुणी न विचारता:
समुद्रावर जातो काल. बाबा. मासा मोठा.

चार पूर्णांक एक, मी लिहिते.
रिवाइंड करून पुन्हा मोजते. चार पूर्णांक एकच.

खिडकीच्या फटीतून आलेली वाळू
टेबलावर, कागदांवर, चहाच्या सायीवर.
उठून अथांगच्या खोलीत जाते,
वाळूचं काय म्हणत होतास रे, विचारते
आणि त्याच्या पलंगाखाली वाकून
काहीही न हरवलेलं
शोधत राहते.