पन्नास अब्ज

डबीवर छापलंय : एका कॅप्सूलमध्ये पन्नास अब्ज.
आमचा अख्खा देश पन्नास-पंचावन्न हजारांचा,
मेंढ्या त्याहून जास्त.
एवढी वस्ती मी रोज पहाटे
कोमट पाण्याच्या एका घोटात गिळते
आणि सव्वासातची बोट पकडते.

नोलसोय ते टोर्सहाव्न, वीस मिनिटं.
बोटीवर एकच संडास, त्याची कडी नीट बसत नाही.
अकरा वर्षांत मला समुद्र कमी कळला,
ती कडी जास्त.

बाबाच्या खोपटात, फटी सोडून ठोकलेल्या फळ्यांआड
ऑक्टोबरपासून मटण टांगलेलं.
खारा वारा आत शिरतो, आंबवतो.
तिथे जंतू कुणी मोजत नाही,
बाबा नाकानेच ठरवतो, झालं की नाही.
नाताळच्या जेवणात माझ्या ताटात उकडलेला बटाटा,
आणि त्याच्याकडे न बघण्याची
साऱ्या घराची धडपड.

"जंतू विकत आणतेस," तो म्हणतो,
"घरचे काय वाईट होते?"

रुग्णालयाच्या बाकावर क्लाक्सविकचा होग्नी भेटला,
बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा.
आतड्याचे दोन तुकडे आधीच कापून झालेले.
तो एका पावडरीची शपथ घ्यायचा.
त्याच्याच सांगण्यावरून मी ही डबी मागवली,
आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी काही घेता?"
तेव्हा "नाही" म्हणाले,
वर्षभर, दर खेपेला.
शेवटी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.
"पुरावा कच्चा आहे. नुकसान बहुधा नाही.
पण आमच्या गोळ्या सोडू नका."
तो 'बहुधा' मी घरी आणला,
फ्रिजमध्ये डबीशेजारी ठेवला.

कॅप्सूल कसली, विरजणच ते,
उद्याच्या दिवसाला लावलेलं.
लागलं तर लागलं,
नाही तर दिवसावरच पडतं.

फेब्रुवारीत होग्नी पुन्हा दाखल झाला.
फोनवर म्हणाला, "पावडर संपली होती ना, म्हणून."
संपली नव्हती.
आदल्याच आठवड्यात मी त्याच्या गाडीत पाहिला होता
डबा, अर्ध्याहून जास्त भरलेला.
"हो," म्हटलं, "म्हणूनच असणार."

आता चार दिवस वादळ आहे.
डेन्मार्कचं जहाज आलेलं नाही,
डबीच्या तळाशी फक्त
ओल शोषणारी पुडी.
पोट गप्प आहे. का, ते विचारत नाही,
विचारलं की उत्तर देतं.

खोपटाचं दार वाऱ्याने उघडत नव्हतं,
बाबाने आतून खांदा लावला.
काही न बोलता सुरीच्या टोकावर
नखाएवढी कापटी पुढे केली,
काळपट, वास डोक्यात जाणारा.

मी हिशेब केला :
सव्वासातची बोट रद्द,
घरचा संडास बावीस पावलांवर,
कडी शाबूत.

तोंड उघडलं.