कुठवर आलो होतो

रविवारी रात्री हॅलिफॅक्स नगरपालिकेचा डेटाबेस
मी जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत हलवला.
सामान सगळं पोचलं:
कचऱ्याच्या डब्यांचे वार, पार्किंगचे दंड,
कुत्र्यांबद्दलच्या तक्रारी,
आणि भाजीच्या वाफ्यांसाठी थांबलेल्यांची ती यादी,
जिच्यात नाव घातलं की माणूस
अकरा-अकरा वर्षं कुंडीतल्या कोथिंबिरीवर भागवतो.
ओळी मोजल्या. दोन्हीकडे सारख्या.
लॅपटॉप मिटला, झोपले.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी जोसलिनचा फोन.
"वाफ्यांचे अर्ज कुणाचेच जात नाहीयेत."

लॉग उघडला तर नन्नाचा पाडा:
हा क्रमांक आधीच दिलेला आहे.
हा क्रमांक आधीच दिलेला आहे.

नोंदी आल्या होत्या, पण पुढचा आकडा देणारा
जो एक छोटा कारकून आत बसलेला असतो,
ज्याला आम्ही सिक्वेन्स म्हणतो,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
आपण कुठवर आलो होतो.
कुणी म्हणजे मी.

मग त्याने आपलं एकापासून सुरू केलं.
एक: रोलंड हार्डकॅसल, अर्ज १९८७चा,
आता शेजाऱ्यांना रुबार्ब वाटून थकलेला.
दोन, तीन, चार, दारोदार.
त्याचा स्वभावच असा, की नकार मिळाला
तरी टाकलेलं पाऊल मागे घेत नाही.

आणि पहाटे सहाला गॅरेथ ओल्डरॉइड नावाचा कुणी
बटण दाबत बसला होता.
अडतीस वेळा दाबलं, अडतीस दारांत माणूस.
एकोणचाळिसावं
उघडं होतं.

जोसलिनने जुनी फाइल काढली.
एकोणचाळीस म्हणजे हिल्डा क्रॅबट्री.
मुलाचं दोन ओळींचं पत्र: आईचं नाव काढून टाकावं,
आता तिला वाफ्याची गरज नाही.
जोसलिननेच काढलं होतं, २०११ साली, जेवणाच्या सुट्टीआधी.

"राहू दे ना," ती म्हणाली. "एवढ्या वेळा दाबलं बिचाऱ्याने."
मला पण वाटलं राहू दे.
कोण बघतंय. एक माणूस चार हजारांच्या पुढे जाऊन
कांदे लावेल, एवढंच.

तरी सवयीने विचारलं:
यादीतला सगळ्यात मोठा आकडा कोणता?
चार हजार एकशे सतरा.
नाव माझं.
शुक्रवारी संध्याकाळी मीच भरलेला अर्ज,
मेथीसाठी, जमलं तर वाल.
जोसलिनला सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर राहू दे म्हणणं सोपं राहिलं नाही.
आणि नको म्हणणं तर त्याहून अवघड,
कारण ते न्यायाने म्हणतेय की जळून,
हे माझं मलाच कळेना.

सिक्वेन्सच्या कानात सांगितलं: ४११७.
आता पुढचा दे.
ओल्डरॉइडला ४११८ दिला, माफीचं पत्र धाडलं.
त्याचं उत्तर दुपारी आलं:
"ठीक आहे. मला वाटलंच होतं, फार लवकर झालं.
तुमचं ते बटण तेवढं बघा."

एकोणचाळीस पुन्हा रिकामा.
तो आता कुणाला मिळत नाही,
आकडे मागे वळून बघत नाहीत.

चहा गार झाला होता.
मग कुत्र्यांच्या तक्रारी उघडल्या.
तिथेही सकाळपासून
एक, दोन, तीन.